पाटावरचे बत्तीस पोल

"आरं बाळ्या, तुला तर ताप भरलाय!"

कचूचा हात माझ्या गोधडीत शिरला होता. मला उठवायची ही त्याची रोजची रीत. हाक मारली तर आत झोपलेले माझे वडील, तात्या, जागे व्हायचे, आणि तात्या जागे झाले की सगळी गल्ली जागी व्हायची. म्हणून तो पडवीत चोरपावलांनी यायचा आणि गारठलेला पंजा थेट माझ्या मानेवर टेकवायचा. मी किंचाळून उठायचो, तो स्वतःचंच तोंड दाबून हसायचा. पोलीस भरतीची तयारी सुरू केल्यापासून हे असंच चाललं होतं.

त्या पहाटे मी किंचाळलो नाही. भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून पडून राहिलो. त्याचा पंजा मानेवरून कपाळावर गेला, तिथून छातीवर. बनियन घामानं चिंब झालं होतं.

"घाम बी सुटू राह्यला. आन् छाती पाहा कशी उडू राह्यली. रात्रीपासून आहे का?"

"हं," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो. "कणकण आहे."

"मंग झोप. आज नको येऊ."

"आन् तू?"

"मी येतो ना पळून. तुझ्या वाटचं बी पळतो."

मग त्यानं डोक्यावरची लोकरीची कानटोपी काढली, माझ्या डोक्यावर चढवली, कानांवरून नीट खाली ओढली. गोधडी पायाखाली खोचली आणि उघड्या डोक्यानं बाहेर पडला.

निफाडकडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ही कानटोपी काय चीज आहे ते कळायचं नाही. त्या दिवशी पारा साडेतीनवर उतरला होता. त्या दिवसांत द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलेलं असतं आणि असल्या गारठ्यानं मणी तडकतात, म्हणून लोकांनी बागाबागांतून शेकोट्या पेटवल्या होत्या. धूर वर चढत नव्हता, वेलींखालीच साचून राहिला होता. दोन्ही हात काखेत दाबून, खांदे आक्रसून कचू त्या धुरातून पाटाकडे चालत गेला. पडवीच्या जाळीतून मी त्याला जाताना पाहिलं.

मला ताप नव्हता. अंग का तापलं होतं ते सांगायचं तर आठ-दहा दिवस मागं जावं लागेल. आजवर मी ते कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

कचू म्हणजे कचेश्वर शिंगोटे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. घरी तो आणि त्याची आई मथुरामावशी, दोघंही लोकांच्या बागांत मजुरीला जायचे. आमची स्वतःची दोन एकर बाग होती, त्यामुळे मी भरतीत नापास झालो असतो तरी तात्यांच्या चार शिव्या खाऊन बागेत उतरलो असतो. कचूचं तसं नव्हतं. दोन वेळा तो लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला होता आणि वयात बसायचं हे त्याचं शेवटचं साल होतं. या वेळी हुकलं की जन्मभर दुसऱ्याच्या बागेत घड विरळायचे, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. म्हणून तो दिवसभर राबून रात्री कंदिलाइतक्या उजेडाच्या बल्बखाली पुस्तकं घोकायचा आणि पहाटे मला उठवायला यायचा. मला का उठवायचा? एकट्यानं पळायचा त्याला कंटाळा यायचा असं तो सांगे. खरं तर मीच त्याच्या मागं लागलो होतो, "मला बी घे ना भो तुझ्यासंगं," म्हणून.

भरतीला पुरुषांना सोळाशे मीटर पळावं लागे. मैदानावर वेळ जितकी कमी तितके गुण जास्त, आणि पुढे सेकंदासेकंदानं गुण ढासळत जायचे. आधी आम्ही डांबरी रस्त्यावर पळायचो. तिथं किलोमीटरचे दगड होते. कचूनं दोन दगडांमधले लाईटचे पोल मोजले, ते बरोब्बर वीस भरले. म्हणजे दोन पोलांमधला एक गाळा पन्नास मीटरचा, आणि बत्तीस गाळे म्हणजे सोळाशे. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले आणि पहाटेच्या अंधारात उसाचे ट्रॅक्टर दिव्याविना धावू लागले. एक दिवस ट्रॉलीतून लोंबणारं उसाचं कांडकं कचूच्या खांद्याला फटका मारून गेलं, तेव्हापासून आम्ही पाटाच्या कच्च्या रस्त्यावर गेलो. पाटाच्या कडेनंही पोल होतेच. कचूनं पाटाच्या गेटापासून बत्तीस गाळे मोजले आणि शेवटच्या पोलाला चुना फासला.

"पोल तो पोलच," तो म्हणाला होता. "सरकारी काम आहे, मापातच राहणार."

आमच्या दोघांकडेही बटणांचे फोन. अंतर मोजायला दुसरं काही नव्हतं, आणि कचूनं मोजलं म्हटल्यावर मला शंका यायचं कारणही नव्हतं.

पाटावर आल्यावर कचूची वेळ भराभर सुधारली. आदल्या वर्षी मैदानावर त्याला पाच मिनिटं पंचवीस सेकंद लागले होते. आता तो पाच दोनमध्ये चुन्याच्या पोलाला हात लावायचा. थंडीनं बोटं इतकी बधिर झालेली असत की घड्याळाचं बटण अंगठ्यानं दाबलं जात नसे, तो हनुवटीनं दाबायचा. मग घड्याळ माझ्या नाकासमोर धरायचा. "पाच दोन! बाळ्या, पाच दोन!" मी त्याच्यानंतर पंधरा-वीस सेकंदांनी धापा टाकत पोचलेला असायचो आणि त्याच्या आनंदात आनंद मानायचो. पूर्ण मानायचो असं आज म्हणवत नाही. घरी तात्या ऊठसूट ऐकवायचे, "त्या शिंगोट्याच्या पोराकडं पाहा जरा. बापाविना वाढलेलं पोरगं, आन् तुला आयतं ताट मिळून बी..."

कचू पळून झालं की थेट मजुरीला जायचा. मला घाई नसे. रस्त्यात शेकोटी दिसली की मी टेकायचो. अशाच एका सकाळी पाटाच्या गेटापाशी आढाव वायरमन शेकत बसले होते. पहाटे पाण्याच्या मोटारी चालेनात म्हणून लोकांनी त्यांना झोपेतून उठवून आणलं होतं आणि ते तुसडे झाले होते.

"काय रे, येवढ्या गारठ्यात कुढं पळू राह्यला?"

"भरतीसाठी, आढावभाऊ. सोळाशे मीटर."

"कुढून कुढवर?"

"इथून त्या चुना लावलेल्या पोलापर्यंत. बत्तीस गाळे. पन्नासनं गुणा."

आढावभाऊंनी तळवे उलटेसुलटे करून शेकले आणि माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं.

"पन्नासचा गाळा? कोणी सांगितलं तुला? ह्या लाईनचे खड्डे मी उभा राहून खोदून घेतलेत. पाटाचं पाणी झिरपतं, माती पोचट. खांब कलू नये म्हणून गाळे जवळ घेतले. सत्तेचाळीसच्या वर एक बी गाळा निघायचा नाही."

मी हसलो. पण दुपारी बागेच्या आखणीची शंभर फुटी टेप घेऊन पाटावर गेलो. एक टोक दगडाखाली दाबायचं, दुसरं ओढत न्यायचं. पन्नास मीटर म्हणजे एकशे चौसष्ट फूट भरायला हवे होते. पहिला गाळा एकशे बावन्न भरला. दुसरा एकशे त्रेपन्न. पुढचा दीडशेच. उन्हातही अंगावर काटा येईल असा वारा सुटला होता आणि मी गुडघ्यावर बसून बत्तीसच्या बत्तीस गाळे मोजले. एकशे दहा मीटर कमी होते. एकशे दहा मीटर म्हणजे वीस-पंचवीस सेकंद. कचू सुधारलेला नव्हताच. तो मागच्या वर्षी होता तिथंच होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सांगायचं असं मी ठरवलं होतं, हे शपथेवर सांगतो. घरी जाऊन मी कपडे बदलले आणि त्याच्या घराकडे निघालोदेखील. तो ओट्यावर पाय धुवत बसला होता. पायांना भेगा पडल्या होत्या, त्यात मथुरामावशी मेण भरत होती. मला पाहताच ती म्हणाली, "ये रे बाळू. हा म्हणतो औंदा मैदानाचं टेन्शन नाही. खरं का?"

"खरं ना मावशी," मी म्हणालो. "पाच दोन म्हणजे काय."

ते तोंडातून कसं गेलं ते आजही कळत नाही. म्हणजे कळतं, मानायला नको वाटतं. आम्हा दोघांचा प्रवर्ग एकच होता आणि त्या वर्षी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कचूच्या पुढं जाण्याची माझी कधी टाप नव्हती. पण आता मला असं काहीतरी ठाऊक होतं जे त्याला नव्हतं, आणि ते मला सोडवत नव्हतं. उद्या सांगू, असं म्हणत मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला, कचू यायच्या कितीतरी आधी, मी आपोआप जागा झालो. ज्याला उठवायला रोज गार पंजा लागायचा तो मी. गोधडी बाजूला सारली तशी थंडी हाडांत घुसली. पाटाच्या कडेचं गवत पांढरं पडलं होतं आणि बुटाखाली करकरत होतं. पळायला लागल्यावर आधी कान दुखायला लागले, मग दात. श्वास ओढला की नाकाच्या आत काहीतरी टोचायचं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि गालावरच गार होऊन जायचं. पोल मोजत मी चुन्याच्या पोलापाशी आलो, तो ओलांडला, आणखी दोन पोल गाठले आणि पुढचे अठरा-एकोणीस मीटर पावलं मोजत पळालो. तिथं मी एक सपाट दगड ठेवला. कुणाच्या नजरेत येणार नाही असा.

मग परत पळत घरी, बूट खाटेखाली, मी गोधडीत. दहा-पंधरा मिनिटांनी कचूचा पंजा. मी किंचाळून उठायचो. हे किंचाळणं मी इतकं हुबेहूब करायचो की मलाच माझं आश्चर्य वाटायचं.

त्यानंतर त्याच्यासोबत पुन्हा पळायचं. साहजिकच मी आणखी मागं पडू लागलो. कचू काळजीत पडला. स्वतःचं पळणं सोडून तो माझ्या बाजूनं धावू लागला. "हात खाली. श्वास नाकानं. मनातल्या मनात पोल मोजू नको, पुढच्या पोलाकडं पाहा फक्त." असं रोज, आठ-नऊ दिवस.

आणि मग ती साडेतीन पाऱ्याची पहाट आली. त्या दिवशी थंडीमुळे पाय लवकर सुटले नाहीत, मला परतायला उशीर झाला, अंगावरचा घाम वाळायच्या आत कचू येऊन उभा राहिला. पुढचं सांगून झालंच आहे.

सकाळी आठच्या सुमारास तो पुन्हा आला. सोबत मथुरामावशी, हातात झाकलेला तांब्या. बाहेर ऊन पडलं होतं पण उबेचा पत्ता नव्हता. कचूचे कान लालभडक झाले होते आणि पाळीला एका जागी चीर गेली होती. त्याची कानटोपी अजून माझ्याच डोक्यावर होती. काढावी हेसुद्धा मला सुचलं नव्हतं.

"उतरला वाटतं," मावशी माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली. "तरी घे. सुंठ, गवती चहा, तुळस. गरम गरम पी."

माझी आई आतून म्हणाली, "अगं मथुरा, तू कामाला जायची ना आज?"

"जाते ना. म्हटलं पोराला आधी पाजावं. परगावचं मैदान, दोघांनी एकमेकाला धरून राहायचं. हा एकटा गेला तर मला घोर लागतो."

मी तांब्या तोंडाला लावला. कचू खाटेच्या कडेला बसला होता आणि पाठ चोळत होता माझी.

"आज किती?" मी विचारलं.

"चार एकोणसाठ." तो हळूच म्हणाला, जणू माझ्या आजारपणात हे सांगणं बरं नव्हे. "पाच मिनिटांच्या आत आलो बाळ्या. तू असता तर... एकट्याला मजा नाही आली."

मावशीनं पदरानं डोळे टिपले. तिला वेळेचं काही कळत नव्हतं, पण पोराचा चेहरा कळत होता.

"कचू," मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय."

"बोल ना."

पडवीत आम्ही तिघं होतो. मला फक्त सहा-सात शब्द बोलायचे होते. पाटावरचे गाळे पन्नासचे नाहीत, टेपेनं मोजलेत. बस. पण मग तो विचारणार, कधी मोजले? आणि मग हे आठ दिवस, तो दगड, हा घाम, सगळंच बाहेर येणार. काढा पाजणाऱ्या बाईसमोर. मला त्याचं नुकसान होण्याची भीती वाटायला हवी होती, मला वाटली माझी फजिती होण्याची.

"बोल ना भो. काय?"

"काढा लई कडू आहे."

दोघंही हसले. मावशीनं माझ्या डोक्यावर टपली मारली. कचू उठला, म्हणाला, "चार दिवस बिलकूल बाहेर पडायचं नाही. टोपी राहू दे तुझ्याकडंच." आणि दोघं माय-लेक कामाला गेले.

ती वेळ गेली आणि मग सांगणं दर दिवशी अवघड होत गेलं. मैदान जवळ आलं तसं मी स्वतःला समजावलं की आता सांगून त्याचा धीर खचेल. माझ्या मनाला पटेल अशी सबब मला रोज नवी मिळत होती. मी रोज पहाटे माझ्या दगडापर्यंत जात राहिलो.

जानेवारीच्या अखेरीस नाशिकला मैदान होतं. आदल्या रात्री आम्ही दोघं मंगल कार्यालयाच्या ओट्यावर एका चादरीत झोपलो. पहाटे पाचला रांगा लावल्या. तिथली थंडी गावाइतकी नव्हती, पण स्वेटर काढून, छातीवर नंबर लावून तासभर बसवलं तेव्हा पोरांचे दात वाजत होते. आम्ही अर्ज एकाच दिवशी भरले होते, म्हणून आमचे नंबर पुढेमागे आणि बॅच एकच. कचू माझे दंड चोळून गरम करत होता.

"चार फेऱ्या," तो म्हणाला. "तीन होईस्तोवर माझ्या पाठीला नजर लाव. मग मी सुटंल. तू बी सूट."

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत कचू तिसरा-चौथा होता, दुसरीत दुसरा. मी घोळक्यात. तिसरी संपता संपता तो पहिला झाला, आणि मग सुटला. मैदानाच्या कडेला उभे असलेले हवालदारसुद्धा माना वळवून पाहायला लागले. मला मागून त्याचे पाय दिसत होते. पाटावर चुन्याच्या पोलाच्या आधी आठ गाळे राहिले की तो असाच सुटायचा. त्याच्या अंगाला तेवढंच ठाऊक होतं. महिनोन्‌महिने त्यानं शरीराला शिकवलं होतं की आता एवढंच उरलंय, ओत सगळं. आणि त्यानं सगळं ओतलं.

शेवटची रेघ शंभर मीटर पुढं होती.

त्याचे खांदे वर चढले. हात वेडेवाकडे व्हायला लागले. बॅचमधला एक पोरगा त्याला ओलांडून गेला, मग दुसरा, तिसरा. त्यानं मान उंचावून रेघ कुठे आहे ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर घाबरणं नव्हतं, गोंधळ होता. आपण मुक्कामी पोचलो तरी गाव का येत नाही, तसा. मला अजून बळ होतं. मी त्या शंभर मीटरांची तयारी करून आलो होतो. मी त्याच्या शेजारी आलो तेव्हा त्याला उलटी येत होती, तरी तो पळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"थांबू नको," तो म्हणाला. "पळ बाळ्या. पळ."

मी थांबलो नाही.

मला पाच एकोणीस लागले, त्याला पाच चौतीस. मागच्या सालापेक्षाही वाईट. रेघेपलीकडे तो गुडघ्यांवर बसला होता. मी पाणी दिलं. चूळ भरून म्हणाला, "काल रात्रीची मिसळ नडली." मी म्हणालो, "हो, तिखटच होती."

लेखीत त्यानं जीव ओतला आणि माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त घेतले. तरी शेवटच्या यादीत तो एका गुणानं राहिला. मी लागलो. गावानं माझी गुलाल उधळत मिरवणूक काढली. ढोलाच्या पुढं सगळ्यात जास्त नाचला तो कचू. तात्यांनी त्याच्याच खांद्यावर मला बसवायला लावलं.

प्रशिक्षण संपवून मी दुसऱ्या दिवाळीत गावी आलो. केस बारीक, अंगावर तजेला, हातात पेढे. कचू तेव्हा गावातल्या दहा-बारा पोरापोरींना फुकट शिकवायचा, पहाटे पळवायचा. दिवसा मजुरी चालूच. भाऊबीजेच्या सकाळी तो आमच्या घरी आला. थंडी नुकती पडायला लागली होती. आत न येता तो दारातच उभा राहिला, चपला हातात धरून. मी "ये ना" म्हटलं तरी हलला नाही.

"बाळ्या, तुझ्याशी बोलायचं होतं. आत नको. तात्यांसमोर नको."

कळलं याला. जवळपास दोन वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते आलं, असं वाटलं. खरं सांगतो, भीतीइतकंच बरंही वाटलं. आम्ही बागेच्या कडेला गेलो.

तो पायाचा अंगठा मातीत फिरवत राहिला.

"माझ्या एका पोरीकडं मोबाईल आहे, भावानं दिलेला. त्यात पळलेलं अंतर कळतं. परवा ती म्हणे, सर, हे सोळाशे नाहीत. मी तिलाच दटावलं. मंग टेप आणून मोजलं. शंभरानं कमी भरतं भो. शंभराच्या बी वर."

मी जवळच्या वेलीचं पान तोडून चुरगळलं.

"पोल मी मोजले होते," तो म्हणाला. "चुना मी फासला होता. तू माझ्यावर भरवसा ठेवून पळत होता. लेका, तुझं बी साल गेलं असतं माझ्यापायी. तुझ्यात दम होता म्हणून तू निभावला. माझं जाऊ दे, मला माझ्याच चुकीचं फळ मिळालं. पण तुला काही झालं असतं तर मी तोंड कसं दाखवलं असतं तात्यांना? दोन रात्री झोप नाही आली मला." त्याचे डोळे भरले होते. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "माफ कर भो मला. कर ना."

तो वाट पाहत होता. मी काय बोलतो याची.

"जाऊ दे कचू," मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो. "होतं असं. मी कधीच मनात ठेवलं नव्हतं."